वडगावातलं गेमचं मशीन

(दृश्य: बेळगाव, वडगाव. अरुंद गल्ली, शेजारच्या घरातून यंत्रमागांचा खडखडाट. एका घराच्या मागच्या खोलीचं दार उघडतं.)

या खोलीत पूर्वी यंत्रमाग होते. माग विकले गेले, त्यांचे बोल्ट अजून फरशीत आहेत. त्या बोल्टांच्या मधे सध्या माणसाच्या उंचीचं एक लाकडी खोकं उभं आहे. वर काच, काचेमागे पिक्चर ट्यूब, खाली दोन दांड्या, आठ बटणं आणि नाणं टाकायची फट. निपाणीकडच्या एका बंद पडलेल्या पार्लरमधलं हे व्हिडिओ गेमचं मशीन भंगाराच्या गोदामात पावसाळे काढून इथं आलंय. भंगारवाल्यानं ते वजनावर दिलं. लोखंड आणि तांब्याचे पैसे घेतले, लाकूड तसंच सोडलं.

ते दुरुस्त करणारा उद्यमबागेत लेथवर काम करतो. गल्लीतली पोरं त्याला दादा म्हणतात, आपणही तेच म्हणू. घरखर्च भागवून जे उरेल तेवढ्यात मशीन उभं करायचं, त्यामुळे त्याचा एक नियम आहे. नवीन वस्तू आणण्याआधी जुनी का चालत नाही ते शोधायचं. सगळं उघडायचं, पुसायचं, मोजायचं, आणि खिशात हात घालायचा तो त्यानंतर.

जपानमध्ये १९७८ साली ‘स्पेस इनव्हेडर्स’ आला आणि नाण्यावर चालणाऱ्या व्हिडिओ गेमची लाट जगभर पसरली. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांपर्यंत ती पोचायला बराच काळ गेला. आणि पोचली तेव्हा अशी बरीच मशीनं इथल्याच हातांनी घडवली. खोकं गावातल्या सुताराचं, पडदा घरगुती रंगीत टीव्हीचा, वायरिंग टीव्ही मेकॅनिकचं. बाहेरून यायचा तो गेमचा बोर्ड, म्हणजे गेमच्या चिपा बसवलेली सर्किटची पाटी. दादाच्या मशीनची पाठ उघडली की हे सगळं समोर दिसतं. टीव्हीची चासी, म्हणजे आतली सर्किटची पाटी, लाकडी फळीवर खिळ्यांनी ठोकलेली आहे. कुणी नाक मुरडेल. मला मात्र यात मोठी सोय दिसते. जे गावात बनलं, ते गावात दुरुस्तही होऊ शकतं.

(दृश्य: बोर्डाची कड जवळून. खोडरबर तांब्याच्या पट्ट्यांवरून फिरतो, काळपट थर निघून सोनेरी चमक येते.)

हा बोर्ड आहे ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ या गेमचा. कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. हे नाव पार्लरमध्ये कुणी घेतलं नाही. पिवळ्या टोपीतल्या गड्याच्या नावानं सगळा गेमच मुस्तफा झाला. दादाकडचा बोर्ड नकली आहे, त्या काळी आपल्याकडे सर्रास चालायचे तसला. अस्सल बोर्डावर एक बॅटरी असते आणि चिपमधली सांकेतिक मजकूर उलगडणारी किल्ली तिच्या जोरावर टिकते. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्ड मुका होतो. या नकलेत ती बॅटरीच नाही, म्हणून इतक्या वर्षांनी तो जागा होऊ शकला.

बोर्डाच्या कडेला एका बाजूला अठ्ठावीस आणि दुसऱ्या बाजूला अठ्ठावीस, अशा ५६ जागा असतात. हे ‘जामा’ नावाचं मानक, जपानमधल्या गेम उत्पादकांच्या संघटनेनं १९८५ मध्ये ठरवलेलं. वीज कुठून येणार, चित्राचे लाल-हिरवा-निळा कुठून निघणार, कुठली जागा कुठल्या बटणाची, सगळं ठरलेलं. म्हणून एक बोर्ड काढून दुसरा लावला तरी मशीन तेच राहायचं. मात्र जोडणी उलटी बसली तर बोर्ड जळतो. त्यासाठी सातव्या जागी एक खाच असते, आणि जुन्या मशीनमध्ये नेमकी तीच अडवणारी पट्टी तुटलेली सापडते. इथंही तुटलेली होती. दादानं प्लॅस्टिकचा तुकडा कानशीनं घासून तिथं बसवला.

खोडरबर, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा बोळा. बोर्डासाठी एवढंच लागलं.

(दृश्य: मशीनची मागची बाजू. दोन पिनांचा प्लग, चिकटपट्टी गुंडाळलेली वायर.)

ज्यांनी पावसाळ्यात अनवाणी उभं राहून असल्या मशीनवर खेळलंय, त्यांना नाण्याच्या दाराला हात लागल्यावरची झिणझिण आठवत असेल. तेव्हा हसण्यावारी जायचं. ते हसण्यासारखं मुळीच नव्हतं. २३० व्होल्टची वीज, लोखंडी दार, लोखंडी पॅनेल आणि अर्थिंगचा पत्ता नाही. कमी खर्चात काम करताना इथं एक रुपयाही वाचवू नये, असं मी ठामपणे म्हणेन. दादानं पहिले पैसे इथंच घातले. तीन पिनांचा प्लग, नवी तीन पदरी वायर, फ्यूज, दार आणि पॅनेलला वेगळी अर्थ वायर. भिंतीतल्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. वीज कुठं गळाली तर हा लगेच पुरवठा तोडतो. गल्लीतली लहान पोरं या मशीनला हात लावणार आहेत, तेव्हा हे झाल्याशिवाय चालूच करायचं नाही, असं त्यानं घरात सांगून ठेवलं होतं.

आता पिक्चर ट्यूब. सगळ्यात जास्त वेळ इथं गेला.

पहिल्यांदा चालू केल्यावर आवाज आला, पडद्यावर मात्र एकच पांढरी आडवी रेघ. वर काळं, खाली काळं. एवढ्यावर पुष्कळ लोक ट्यूब फेकून एलसीडी बसवतात. ट्यूबची मान फुटली असेल किंवा ती साफ मंद झाली असेल, तर मीही तेच सांगेन. एलसीडी, रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा कॉम्प्युटर, आणि जुने गेम त्यावर चालवणारा, १९९७ पासून विकसित होत आलेला मेम हा सॉफ्टवेअर संच, एवढ्यावर गेम चालतो. पण हा गेम ट्यूबसाठी काढलेला आहे. ३८४ गुणिले २२४ ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला सुमारे पंधरा हजार सहाशे आडव्या रेघा. आपल्या जुन्या घरगुती टीव्हीचाही वेग जवळपास तोच, म्हणून तर तो इथं बसला. ट्यूबवर त्या ठिपक्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात आणि मुस्तफाचा चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. सपाट पडद्यावर चौकोन मोजता येतात. आणि रंगीत पिक्चर ट्यूब बनवणं आता जगभर जवळपास थांबलंय. चालू होऊ शकणारी ट्यूब टाकून देणं मला पटत नाही.

शहापुरातले एक वयस्कर टीव्ही मेकॅनिक, दादा त्यांना मामा म्हणतो, बघायला आले. दादा पाठीमागून हात घालणार तोच ते म्हणाले, “आधी एक हात खिशात घाल.”

“बंद करून दोन दिवस झालेत की मामा.”

“झाले असूं देत. ती धरून ठेवती. हात मागं घे बघू.”

मामांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. ट्यूबच्या अंगावर एक रबरी टोपी असते, तिच्याखाली चालू असताना वीस ते पंचवीस हजार व्होल्ट असतात. ट्यूब स्वतःच कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचं काम करते, त्यामुळे वीज काढल्यावरही भार साठून राहतो. दोन्ही हात आत असले तर धक्का छातीतून जायची भीती, म्हणून एक हात खिशात. मामांनी प्लग काढलेला आहे ना, हे स्वतः पाहिलं. ट्यूबच्या मागच्या काळ्या लेपावरून जाणाऱ्या उघड्या विणलेल्या तारेला एक वायर जोडली, वायरचं दुसरं टोक लांब मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला, आणि ते पातं टोपीखाली सरकवलं. तडक आवाज आला. थोडं थांबून पुन्हा एकदा. हे बघून शिकावं, पण पहिल्यांदा एकट्यानं करू नये. शेजारी जाणता माणूस हवाच.

(दृश्य: चासीच्या मागच्या बाजूवर भिंग. एका पिनेभोवती बारीक गोल चीर.)

आडव्या रेघेचा अर्थ मामांना बघताक्षणी कळला होता. चित्र वरखाली उघडणारा भाग, त्यांच्या भाषेत व्हर्टिकल, बंद. तिथली आयसी, म्हणजे चिप, तापते, निवते, पुन्हा तापते. वर्षानुवर्षं असं झालं की तिच्या पायाशी असलेल्या शिशाला गोल चीर पडते. याला ड्राय सोल्डर म्हणतात. दादानं २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं जुनं शिसं उपसून काढलं आणि नवं भरलं. खर्च वितभर सोल्डर तारेचा. चित्र उघडलं, पण वरच्या बाजूला रेघा एकमेकींवर दुमडलेल्या होत्या. त्याच भागातला एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकला होता. जुना ८५ अंशांपर्यंतची उष्णता सोसणारा होता, मामांनी १०५ अंशांचा आणायला लावला. किमतीत फरक किरकोळ, आणि बंद खोक्यातल्या उष्णतेत तो जास्त टिकतो.

मग कोपऱ्यात जांभळा डाग दिसू लागला. ट्यूब गेली असं वाटावं असाच तो डाग असतो. मधल्या काळात कुणीतरी मूळ स्पीकर काढून मोठ्या चुंबकाचा स्पीकर ट्यूबला खेटून बसवला होता. स्पीकर खाली सरकवला, मशीन काही वेळा बंद-चालू केलं, डाग गेला. पैसे शून्य.

(दृश्य: मल्टिमीटरवर ४.६७.)

चित्र आलं, पण गेम मध्येच पहिल्यापासून सुरू व्हायचा. बोर्डाला पाच व्होल्ट लागतात, आणि ते पावणेपाचाच्या खाली गेले की चिपांचा भरवसा राहत नाही. मोजायचे ते बोर्डाच्या कडेवर, गेम चालू असताना. पुरवठ्याच्या तोंडाशी पूर्ण पाच दिसतात आणि गंजलेल्या वायरीतून जाईपर्यंत गळतात. दादानं जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, वापरला. त्यात पाच आणि बारा दोन्ही मिळतात, फक्त हिरवी वायर काळीला जोडल्याशिवाय तो सुरू होत नाही. बोर्डाकडे जाणाऱ्या पाच व्होल्टच्या आणि ग्राउंडच्या वायरी जाड घातल्यावर आकडा ५.०२ वर स्थिरावला.

दांडीचा मात्र कुणी मेकॅनिक काही करू शकला नसता. चार बाजूंना चार मायक्रोस्विच, ते बाजारात सहज मिळतात, स्वस्तही. पण दांडीच्या बुडाशी जो गोल तुकडा त्यांना दाबतो, तो झिजून अंडाकृती झाला होता. मुस्तफा उजवीकडे धावायचा, डावीकडे वळताना अडखळायचा. बेळगावात राहण्याचा फायदा इथं होतो. उद्यमबागेत ओतकाम आणि लेथचं काम रोजचं आहे. जिथं यंत्रांचे अचूक भाग निघतात, तिथं जेवणाच्या सुट्टीत, शेठना विचारून, नायलॉन रॉडच्या उरलेल्या तुकड्यातून दादानं तो भाग टर्न करून घेतला. तोही किंचित मोठ्या व्यासाचा, म्हणजे स्विच लवकर दबतो आणि हाताला हलकं लागतं. बाजारातली नवी दांडी इतकी बरी बसली असती असं मला वाटत नाही.

(दृश्य: खोक्याचा खालचा भाग. फुगलेलं, भुसा झालेलं लाकूड.)

बेळगावचा पाऊस आणि फरशी धुवायची सवय, दोन्हींनी खोक्याचं बूड खाल्लं होतं. थोडी वाळवीही. वरचं प्लाय खणखणीत होतं, म्हणून मेस्त्रींनी कुजलेला पट्टा सरळ रेषेत कापला आणि कामातून उरलेलं १८ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय आतून पट्टी देऊन जोडलं. खाली लोखंडी पाय आले, म्हणजे लाकूड पुन्हा फरशीला टेकणार नाही.

नवं सनमायका लावायला मेस्त्री तयार होते. दादानं नको म्हटलं. बाजूला कुणा पेंटरनं हातानं रंगवलेला डायनोसॉर आहे, वर मराठीत आणि खाली कानडीत पार्लरच्या सूचना. रंग उडालाय, पण वाचता येतो. ओल्या फडक्यानं पुसून त्यावर पारदर्शक वॉर्निशचा एक हात दिला, बस्स. मला हा निर्णय फार आवडला. फ्लेक्सवर हवं ते छापून मिळतं, तो पेंटर परत मिळायचा नाही.

(दृश्य: पोरं मशीनभोवती. एकजण रुपया टाकतो, नाणं खालून परत येतं.)

नाण्याचं दार चालू आहे, तरी आजचा रुपया ते घेत नाही. १९९२ ते २००४ मधला स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा होता, २०११ पासूनचा साधारण २२ मिलिमीटरचा आहे. जुन्या मापाच्या वाटेतून नवा रुपया निसटतो आणि खालच्या स्विचच्या तारेला लागतच नाही. वाट अरुंद करता आली असती. दादानं ती तशीच ठेवली आणि आजीच्या डब्यातले जुने रुपये पोरांना वाटले. खेळून झालं की दार उघडायचं आणि तेच रुपये पुन्हा हातात द्यायचे.

सध्या एकच दांडी जोडलेली आहे, त्यामुळे पाळीवरून भांडणं होतात. दुसऱ्या दांडीचा नायलॉनचा तुकडा येत्या आठवड्यात लेथवर चढणार आहे.