आधी तपासणी कोणाची झाली?

(दृश्य : सकाळ. विटा बसस्थानक. सांगलीला जाणारी एसटी. खिडकीशी बसलेल्या स्त्रीचे फक्त हात दिसतात. मांडीवर कापडी पिशवी.)

या स्त्रीचे नाव आपण विचारणार नाही आणि तिचा चेहराही दाखवणार नाही. अनेक घरांत थोड्याफार फरकाने जे घडत आले, ते तिच्या रूपाने सांगायचे आहे. शेजारच्या बाईने विचारलेच, तर ‘बीपीच्या गोळ्या आणायला चालले’ असे ती सांगेल. एचआयव्हीची औषधे घराजवळच्या केंद्रातही मिळू शकतात. पण तिथे भावकीतले कोणी ना कोणी भेटेल या धास्तीने अनेक जणी मुद्दाम लांबचे केंद्र निवडतात आणि महिन्याचा एक दिवस, एक मजुरी आणि तिकिटाचे पैसे त्यापायी घालवतात.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांत साधारण ४५ टक्के स्त्रिया होत्या. राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा, जवळपास चार लाखांचा. यांतल्या असंख्य विवाहित स्त्रियांचा नवऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाशीही संबंध आलेला नव्हता. तरीही घरात हा आजार कोणी आणला, असा प्रश्न निघाला की बोट बहुधा सुनेकडेच वळते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर आधी रक्ततपासणीचा क्रम पाहावा लागतो.

(दृश्य : ग्रामीण रुग्णालय. गरोदर स्त्रियांची रांग. रक्ताच्या नळ्यांवर चिकटवलेले क्रमांक.)

दिवस गेल्यावर स्त्री दवाखान्यात जाते. हिमोग्लोबिन, रक्तगट यांच्याबरोबर तिच्या संमतीने एचआयव्हीचीही तपासणी होते. बाळाच्या दृष्टीने ही तपासणी अत्यंत मोलाची आहे, कारण काहीच उपचार झाले नाहीत तर आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते आणि वेळेवर उपचार मिळाले तर ते पाच टक्क्यांच्या खाली आणता येते. पुरुषाला मात्र असे तपासणीच्या दारात आणून उभे करणारे कोणतेच निमित्त नसते. तो कामावर असतो, ठणठणीत असतो, आणि समुपदेशकाने बोलावले तर ‘मला काय धाड भरलीय?’ असे म्हणून टाळतो. परिणामी घरातला पहिला कागद सुनेच्या नावाचा येतो, आणि ज्याचा कागद पहिला, त्याचा आजार पहिला, असा हिशेब सासरी मांडला जातो.

हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. लागण झाली आहे की नाही एवढेच या तपासणीतून कळते; ती कधी झाली आणि कोणाकडून झाली, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. विषाणू शरीरात शिरल्यापासून एड्सची अवस्था येईपर्यंत, उपचार नसतील तर, सरासरी आठ-दहा वर्षे जाऊ शकतात. या काळात नवरा शेत नांगरतो, गाडी चालवतो, जत्रेत कुस्ती खेळतो. लग्नाच्या आधीच लागण झालेला मुलगा मांडवात निरोगीच दिसतो.

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील पुरुष पिढ्यान्पिढ्या गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगले. कोणी ट्रकवर गेले, कोणी मुंबईला. त्या व्यवसायांना बोल लावण्यात अर्थ नाही. घरापासून महिनोन्महिने तुटलेले आयुष्य आणि त्याविषयी घरात न बोलण्याची रीत, हे खरे कारण. येथे एक विसंगती नोंदवायला हवी. सांगलीत १९९२ मध्ये काम सुरू करणाऱ्या ‘संग्राम’ संस्थेने वेश्याव्यवसायातील स्त्रियांकडे रोग पसरवणाऱ्या म्हणून पाहिले नाही. त्यांनाच कंडोमच्या प्रसारासाठी कार्यकर्त्या म्हणून उभे केले, आणि त्या कामातून १९९६ मध्ये वेश्या अन्याय मुक्ती परिषद आकाराला आली. समाजाने वाळीत टाकलेल्या त्या बाया गिऱ्हाइकाला ‘कंडोम नसेल तर चालता हो’ असे सुनावू लागल्या. मंगळसूत्र घातलेल्या बाईला नवऱ्यापुढे तो शब्द काढण्याची सोय नव्हती. काढलाच असता, तर ‘तुला हे कोणी शिकवले?’ हा संशय तिच्यावरच उलटला असता.

(दृश्य : स्वयंपाकघर. फळीवर उपडी घातलेली स्टीलची भांडी. एका ताटाच्या काठावरील कोरीव अक्षरांवर कॅमेरा स्थिरावतो.)

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आहे. लग्नात माहेरून आलेल्या ताटावर मुलीचे नाव आणि लग्नाची तारीख कोरलेली असते. निदानानंतर सासरचे फार काही बोलले नाहीत, तरी हे ताट इतर भांड्यांतून बाजूला होते आणि मोरीजवळ वेगळे ठेवले जाते. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातले पाणी प्यायल्याने किंवा डास चावल्याने एचआयव्ही होत नाही, हे आता शाळेच्या पुस्तकांतही असते. नवऱ्याचे ताट मात्र, त्यालाही लागण असल्याचे कळल्यानंतरसुद्धा, सहसा जागचे हलत नाही.

उपचारांत मात्र तपासणीचा क्रम उलटा होई. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचे मिश्रण वर्षाला ३५० डॉलरना देऊ केले, तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला मात्र तीही रक्कम पेलणारी नव्हती. गुंठे विकून, डोरले मोडून औषध आणले जाई, तेही आधी घरच्या मुलासाठी, म्हणजे तिच्या नवऱ्यासाठी. तो गेल्यावर विकण्यासारखे काही उरत नसे आणि सुनेचा खोकला सुरू झालेला असे. सरकारी रुग्णालयांतून मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला आवर घालणारी औषधे, देण्यास १ एप्रिल २००४ पासून देशातील आठ केंद्रांतून सुरुवात झाली. तोवर किती जणींची पाळी आलीच नाही, याचा हिशेब कोणी ठेवला असेल असे वाटत नाही.

नवऱ्याच्या तेराव्यानंतर तलाठ्याकडे वारस नोंदीचा विषय निघतो. हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार विधवा ही पहिल्या वर्गातील वारस आहे. मुलांच्या आणि सासूच्या बरोबरीने तिला वाटा मिळतो. पण ‘पांढऱ्या पायाची’ आणि ‘आज मेली काय, उद्या मेली काय’ अशी जिची गणना झाली, तिला सातबाऱ्यावर नाव कशाला हवे, असा युक्तिवाद होतो, आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेऊन तिला माहेरी धाडले जाते. तिथे भावाच्या संसारात ती आणि तिची मुले किती दिवस मावतील, हे भावजयीच्या मनावर अवलंबून असते.

एचआयव्ही-एड्सविषयक २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यातली दोन कलमे येथे महत्त्वाची आहेत. पहिल्यानुसार बाधित व्यक्तीला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही आणि घरातल्या सोयी वापरण्यातही भेदभाव करता येत नाही. मोरीजवळचे ताटही त्यात आले. दुसरे कलम अधिक बोलके आहे. समुपदेशनानंतर डॉक्टर किंवा समुपदेशक काही परिस्थितीत जोडीदाराला निदान कळवू शकतात. पण त्यामुळे स्त्रीला मारहाण होईल किंवा टाकून दिले जाईल अशी रास्त भीती असेल, तर तिच्या जोडीदाराला ते कळवू नये, असे कायदाच सांगतो. स्वतःच्या रक्ताची बातमी स्वतःच्या घरात सांगणे बाईला धोक्याचे ठरू शकते, हे संसदेला कलमात लिहावे लागले.

(दृश्य : एआरटी केंद्राबाहेरचे बाकडे. औषधांची प्लास्टिकची बाटली हातात.)

आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेतली आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता येणार नाही इतके खाली राहिले, तर लैंगिक संबंधांतूनही दुसऱ्याला लागण होत नाही. गरोदर स्त्रीला २०१४ पासून निदान होताच आयुष्यभराचे उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. जन्मलेल्या बाळाला काही आठवडे औषध पाजले जाते आणि अठराव्या महिन्यात त्याची अखेरची तपासणी होते. खिडकीशी बसलेल्या या बाईच्या मुलीचा तो कागद निगेटिव्ह आला, तेव्हा सासूने नातीची दृष्ट काढली.

(दृश्य : संध्याकाळ. तेच स्वयंपाकघर.)

घरी आल्यावर ती बाटलीवरचे लेबल नखाने खरवडून काढते, गोळ्या वाजू नयेत म्हणून वर कापसाचा बोळा दाबते आणि बाटली ज्वारीच्या डब्यात खोल खुपसते. मग जेवणे होतात. सासू नातीला मांडीवर घेऊन आपल्या ताटातला भात भरवते. मुलगी उठून मोरीकडे धावते आणि आईचे ताट उचलून आजीच्या शेजारी आणून ठेवते. आजी ताटाकडे पाहते, मुलीकडे पाहते आणि पुढचा घास कालवू लागते.