कॅसिनोचे २.७० टक्के नेमके कशावर कापले जातात?

नमस्कार. सांगली-मिरजेहून गोव्याला सुटीसाठी जाणारे आपले प्रेक्षक मला सतत विचारतात, की मांडवीवरच्या जहाजांतील कॅसिनोत लबाडी चालते का. माझे म्हणणे असे, की कॅसिनोला लबाडीची गरजच नसते, कारण खेळाचे गणितच त्याच्या बाजूने मांडलेले असते.

रुलेट म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू टाकून तो कोणत्या आकड्यावर थांबेल यावर पैसे लावायचा खेळ. युरोपीय रुलेटच्या चाकावर ० ते ३६ असे ३७ आकडे असतात; शून्य सोडले तर १८ लाल आणि १८ काळे. प्रत्येक आकड्यावर एक रुपया लावला, तर ३७ रुपये जातात आणि लागलेल्या आकड्याचे ३५ व मूळचा एक असे ३६ परत येतात. राहिलेला रुपया, म्हणजे २.७० टक्के, कॅसिनोचा.

खरी गल्लत पुढे होते. मिरजेच्या एका प्रेक्षकाने लिहिले आहे, की दहा हजार नेले तर फार तर २७० रुपये जातील. तसे मुळीच नाही! ही टक्केवारी खिशातल्या रकमेवर नसून लावलेल्या प्रत्येक डावावर असते. दर डावाला ५०० रुपये आणि तासाला ५० डाव धरले, तर चार तासांत एक लाख रुपये लावून होतात आणि सरासरी २,७०० रुपये जातात. पैसे तेच असतात, परंतु जिंकलेली रक्कम पुन्हा लावली की तिच्यावर पुन्हा कात्री चालते.

म्हणूनच तिथली सारी व्यवस्था तुम्ही अधिक वेळ बसावे यासाठी असते. भिंतीवर घड्याळ सहसा नसते, आणि प्रवेशशुल्कातच जेवण मिळाल्याने उठण्याचे निमित्त उरत नाही. स्लॉट मशीनवर, म्हणजे बटण दाबून चित्रे जुळतात का ते पाहायच्या जुगाराच्या यंत्रावर, वीस रुपये लावून आठ परत आले, तरी दिवे लागतात आणि जिंकल्याची धून वाजते. हळदीच्या सौद्यात क्विंटलमागे पाच रुपयांसाठी अडून बसणारे माझे एक परिचित तिथे चिप्सची, म्हणजे नोटांऐवजी लावायच्या चकत्यांची, चळत न मोजता पुढे सरकवत होते, हे मी शेजारी बसून पाहिले आहे. नोट हातात असती, तर ती त्यांनी दोनदा चाचपली असती.

‘सलग काळा आला की लाल येणारच’ असे सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्या भरवशावरच माणूस रक्कम वाढवतो आणि कापला जाणारा वाटाही वाढतो. १८ ऑगस्ट १९१३ रोजी मोनॅकोतल्या मॉन्टे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटचा चेंडू सलग २६ वेळा काळ्यावर पडला आणि लालवर रकमा वाढवत गेलेले लोक लाखो फ्रँक हरले. सव्विसाव्या डावालाही लाल येण्याची शक्यता ३७ पैकी १८ इतकीच होती.