एक बाक, एक काका, साडेसात सेकंद

पहाटेचे पावणेसहा. ठाणे, तलावपाळी. आमच्या फिल्मचं शूटिंग, आणि हे त्याचं पडद्यामागचं फुटेज. पाण्यावर अजून उजेड नाही, पलीकडच्या दिव्यांच्या पिवळ्या रेघा तेवढ्या थरथरतायत, आणि गुडघ्यावर बसलेली ही मुलगी ट्रायपॉडवरचा तो पातळी दाखवणारा छोटा बुडबुडा गोलात आणतेय. बराच वेळ झाला. हा बुडबुडा नीट बघून घ्या, तो जरा सरकला की सगळा तलाव तिरका होतो, आणि मग बघणाऱ्याला नेमकं काय ते कळत नाही पण काहीतरी बिनसलंय एवढं जाणवतं.

शॉट साडेसात सेकंदांचा. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १८० चित्रं. म्हातारा माणूस बाकावर बसलाय, मुलगा येणार होता, आला नाही. गोष्ट एवढीच, आणि त्यासाठी आठ जण अंधारात उभे आहेत.

काकांना कुठे बसवायचं यावर पाऊण तास गेला. आधी मधोमध बसवलं. दिसले छान, पण नुसते बसलेले दिसले, वाट बघणारे नाही. मग कॅमेरा थोडा उजवीकडे वळवला, काका फ्रेमच्या डाव्या कडेला गेले, नजर उजवीकडे, आणि उजवीकडे अख्खा बाक रिकामा. आता बघा. तोच माणूस, तोच बाक, पण ती रिकामी जागा मुलाची झाली. डायलॉग नाही, म्युझिक नाही. सिनेमा बघताना आपण चेहरे बघतो, कपडे बघतो, लोकेशन बघतो, पण ही मोकळी जागा कोणीतरी जीव लावून मोकळी सोडलेली असते आणि तिच्यासाठी टाळी वाजलेली मी तरी कधी ऐकली नाही.

हे ३५ मिमीच्या लेन्सवर. काका लहान, तलाव मोठा. आणि हे ८५ वर, लांबून. मागचे दिवे विरघळून गोल झाले, काका एकटे उरले. यात अडचण अशी की फोकस इतका पातळ असतो की काका वीतभर पुढे झुकले तरी डोळे मऊ, म्हणजे धूसर होतात, म्हणून फोकस सांभाळणारा हा मुलगा जमिनीवर टेपचे मार्क लावतोय आणि शॉट चालू असताना त्याची नजर मॉनिटरवर नाही, काकांच्या खांद्यावर आहे. पडद्यावर त्याचं काम दिसलं तर ते चुकलेलंच असतं.

काका नाटकातले. हौशी रंगभूमीवर आयुष्य गेलं, आणि गडकरी रंगायतन इथेच, याच तलावाच्या काठावर, १९७८ पासून. तिथे शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायचं असतं. पहिला टेक बघा: मान वळली, उसासा, खांदे पडले. सगळं बरोबर, पण शेवटच्या रांगेसाठी. इथे शेवटची रांग तीन फुटांवर आहे.

दिग्दर्शक बाकावर शेजारी जाऊन बसला.

"काका, काहीच करू नका. मुलगा कुठल्या गाडीने येतोय तेवढं मनात ठेवा."

"कुठल्या रे?"

"तुम्हीच ठरवा."

"कसाऱ्याच्या."

टेक चार. साइलेन्स, रोलिंग, ॲक्शन. आणि मध्येच स्टेशनच्या बाजूने लोकलचा हॉर्न. सकाळपासून या हॉर्नने साउंडवाल्याचा जीव खाल्ला होता, पण कोणी कट म्हटलं नाही.

(इथे निवेदन नाही. काकांचा क्लोज, म्हणजे जवळून घेतलेला चेहरा, पूर्ण जाऊ द्या.)

फक्त डोळे हलले. तेवढेच.

एडिटवर हाच क्लोज आधी रिकाम्या बाकाला जोडला, मग वाफाळत्या चहाला. एकदा वाट बघणं दिसतं, एकदा भूक, चेहरा तोच. १९२०च्या आसपास रशियात लेव कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने इव्हान मोझ्झुखिन या नटाचा एकच चेहरा कधी सूपला, कधी शवपेटीला जोडला आणि लोकांनी अभिनयाचं कौतुक केलं असं सांगतात. म्हणून अभिनय कमी दर्जाचा होत नाही, उलट किती कमी करायचं हे कळणं हाच मोठा अभिनय. चैतन्य ताम्हाणे या दिग्दर्शकाच्या 'कोर्ट' सिनेमामध्ये शाहीर साकारणारे वीरा साथीदार पेशाने नट नव्हते, चळवळीतले होते, आणि त्याच सिनेमात कोर्टरूम रिकामी होते, दिवे बंद होत जातात आणि कॅमेरा हलत नाही. तो शॉट परत काढून बघा, फक्त कॅमेऱ्यासाठी बघा.

आमची फिल्म पुढे झाली, दाखवली, लोकांना आवडली.

एक फुटेज राहिलं. शॉट संपल्यावरचं. सगळे जागच्या जागी उभे, बूम, म्हणजे काठीवरचा माइक, हवेत, काका अजून बाकावरच. साउंडवाल्याला ३० सेकंद नुसता तलावाचा आवाज हवाय, एडिटमध्ये खाली घालायला. आम्हीपण गप्प राहतो.