रिव्हेटच्या भोकापासून सुरू होणारी भेग

गोव्यात बोगमाळोला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे. आवारात उघड्यावर उभं असलेलं हे सी हॉक, नौदलाचं जुनं लढाऊ जेट विमान. समुद्र इथून जवळच. रत्नागिरी-मालवणकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको: खिडकीचे गज साताऱ्यात टिकतात तितके किनाऱ्यावर टिकत नाहीत.

पण विमान तर बहुतेक ॲल्युमिनियमचं, त्याला कसला गंज? ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याचं रक्षण करतो. मिठातलं क्लोराइड हा थर जागोजागी फोडतं. तांबडं काही दिसत नाही. रंग फुगतो, खालून पांढरी भुकटी निघते, ती पुसली की टाचणीच्या टोकाएवढा खड्डा. ताकदीसाठी या धातूत तांबं मिसळतात, आणि नेमकं तांबं असलेल्या कणांभोवतीच तो आधी पोखरला जातो. शेजारी स्टीलचा बोल्ट असेल आणि फटीत खारं पाणी साचलं, तर तिथे छोटी बॅटरीच तयार होते. झिजतं ते ॲल्युमिनियम.

आता धक्क्यांचं बघू. जुन्या विक्रांत या विमानवाहू नौकेवर सी हॉक उतरायचं ते शेपटीचा हुक तारेत अडकवून. धावतं विमान काही क्षणांत जागेवर थांबायचं. हुकची जोडणी, चाकांचे दांडे, पंखांची मुळं, सगळ्यांवर ताण यायचा आणि सुटायचा. असं हजारो वेळा झालं की धातू थकतो, त्याला भेग पडते. गुळगुळीत पृष्ठभागावर ही भेग सुरू व्हायलाच फार काळ लागतो. गंजाचा खड्डा तिला आयती जागा देतो.

पुढचं जास्त वाईट. धक्क्यासरशी भेग उघडते, खारं पाणी आत जातं. टोकाशी उघडा पडलेला ताजा धातू लगेच खाल्ला जातो, आणि त्या क्रियेत सुटलेला हायड्रोजन धातूत शिरून त्याला ठिसूळ करतो. म्हणून गंजाचं नुकसान वेगळं, थकव्याचं वेगळं मोजून बेरीज केली की उत्तर चुकतं. कोरड्या हवेत स्टीलला एक मर्यादा असते, तिच्याखालचा ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा तुटत नाही. खाऱ्या पाण्यात ही मर्यादाच उरत नाही.

२८ एप्रिल १९८८. हवाई बेटांवरून उडणारं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७. सुमारे २४,००० फुटांवर छताचा १८ फूट भाग उडून गेला. एका हवाई सेविकेचा जीव गेला. तोवर या विमानाची उड्डाणं झाली होती ८९,६८०. पत्र्यांच्या जोडातली चिकटवण सुटलेली, आत गंज, आणि रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, भोकांतून निघालेल्या भेगा एकमेकींना मिळालेल्या. विमान प्रवासी होतं, पण हवा समुद्राचीच.

सी हॅरियर हे नौदलासाठीचं लढाऊ विमान घडवताना खाऱ्या हवेचा हा धडा त्याआधीच गिरवला होता. मूळ हॅरियरमधले मॅग्नेशियमचे भाग काढून दुसरे बसवले, कारण मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात फारच लवकर जातं. आपल्या नौदलात ही विमानं १९८३ ते २०१६ अशी टिकली. या टिकण्याचं श्रेय मी वैमानिकांइतकंच हँगरमधल्या हातांना देतो.

समुद्रावरून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुवायचं. पाणी निचरायची भोकं मोकळी ठेवायची. बोल्ट काढून भोकाच्या आत तपासणीची सळई फिरवायची. भेग दिसली तर भाग बदलायचा. नुसता खड्डा असेल तर घासून गुळगुळीत करायचा, उरलेली जाडी मोजायची, पुरेशी असेल तर प्रायमर, मग रंग. आणि ती जागा वहीत नोंदवायची, पुढच्या वेळी पहिल्यांदा तिथेच बघायला.