कमानवाल्याची जीभ

(मागचं चाक काढलेला ट्रक.)

नागपुरातून अमरावती रोडनं बाहेर पडलं की वाडी. ट्रान्सपोर्टचं गाव. कमानवाले मिस्त्री इथं ट्रकच्या कमानी, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, दुरुस्त करतात. चॅसिसखाली घोडी, म्हणजे टेकूचं स्टँड, न लावता, नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी आत शिरला, की मिस्त्री विचारतो, "काऊन बे, बापाले तू एकटाच ना?" पोट्टा मुकाट्यानं घोडी आणतो.

(यू-बोल्ट, अगदी जवळून.)

एका कमानीला दोन यू-बोल्ट, चार नट. पाट्यांचा थप्पा ॲक्सलवर आवळून धरायचं काम त्यांचं. मधला सेंटर बोल्ट पाटे फक्त जागेवर ठेवतो, मार खायला तो नसतोच. यू-बोल्ट ढिले पडले की पाटे सरकतात, सगळा जोर सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो. ॲक्सल जागा सोडतो, ट्रक तिरपा चालतो.

ड्रायव्हर म्हणतो, रस्ता खराब. पोट्टा म्हणतो, बोल्टच डुप्लिकेट होता.

"पादऱ्याले पावट्याचं निमित्त!"

आणि मिस्त्रीचं बोट नटाखाली जातं. तिथं लोखंड घासून चकाकलंय. नट कसलेला असता तर धूळ बसली असती.

(पाटे सुटे होतात.)

पाटे वायर ब्रशनं घासायचे, मधे ग्रॅफाइट ग्रीस, सेंटर बोल्ट नवा. त्याचं डोकं ॲक्सलवरच्या भोकात नीट बसलं पाहिजे. जुने यू-बोल्ट ताणलेले असतात, ते परत लावायचे नाहीत. चारही नट आलटूनपालटून, समोरासमोरच्या कोपऱ्यांनी, थोडेथोडे आवळायचे. एकच नट पहिल्या झटक्यात कसला तर थप्पा वाकडा बसतो, आणि शेजारच्या दुकानातून शेरा येतो: "हागनाऱ्याले लाज नाही, त पाहनाऱ्याले तरी पाहिजे!" तपासणीची कुठलीही छापील यादी इतक्या लवकर काम थांबवत नाही.

शॅकल पिन, म्हणजे कमानीचं टोक धरणारी पिन, आणि तिच्या बुशवरचे विनोद आम्ही इथून कापले. पिन ढिली निघाली की ते सुरू होतात, एवढं पुरे.

सगळ्याच पोट्ट्यांना ही बोलणी झेपत नाहीत, काही जण काम सोडतात.

(ट्रक घोडीवरून उतरतो.)

माल भरून गाडी चालली की पाटे दबून बसतात आणि आवळलेले नट पुन्हा सैल होतात. म्हणून ड्रायव्हरला बजावलं जातं, "दोन-चार दिवसांत परत आनजो भाऊ. अन् भरून आनजो, रिकामी नको."