"नवीन अँटिबायोटिक सापडलं" ही बातमी आली की आधी हे तीन आकडे बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच, ताई नवीन अँटिबायोटिक सापडलं म्हणे, मग आता रेझिस्टन्सचं टेन्शन संपलं ना? दोघातिघांनी तर थेट रिसर्च पेपरच पाठवलाय, फार बरं केलंत, आज तो वाचायचा कसा तेच बघू.

बेसिक पटकन. रेझिस्टन्स म्हणजे औषधाला दाद न देणं, आणि तो जंतूंना येतो, आपल्या अंगाला नाही. "ती गोळी आता मला लागू पडत नाही, सवय झाली" असं आमच्या कळव्यातल्या शेजारच्या काकूही म्हणतात, पण काकू, बदललाय तो जंतू. चला पुढे.

पेपरमध्ये आधी एमआयसी शोधा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला लागणारं सगळ्यात कमी औषध. 96 खळग्यांची प्लेट असते, पंजाएवढी, प्रत्येक खळग्यात औषध निम्मं करत जायचं, 64, 32, 16, 8 असं (मायक्रोग्रॅम दर मिलिलिटरला, पुढचे आकडेही तेच), आणि जंतू सगळीकडे सारखे. रात्रभर 37 डिग्रीला ठेवली की सकाळी जिथे जंतू वाढले तिथे गढूळ, तळाला पांढरा ठिपका, नाही वाढले तिथे नितळ. सगळ्यात कमी औषधाचा जो नितळ खळगा तो एमआयसी.

आता नीट ऐका. नितळ खळगा म्हणजे औषध नव्हे! ब्लीच टाकलं तरी खळगा नितळच राहणार, पिणार का? म्हणून माणसाच्या पेशींवरचा आकडा शेजारी हवाच. जंतू 4 ला थांबतोय आणि आपल्या पेशी 8 ला मरतायत, तर ते कंपाऊंड तिथेच संपलं.

परत तेच, दुसरीकडून. नितळ, पण कुठल्या जंतूवर? मी रबाळेच्या एका लॅबमध्ये होते तेव्हा माझं एक कंपाऊंड स्टॅफवर, म्हणजे गळवं करणाऱ्या जंतूवर, 2 ला चाललं, मी ठाण्याच्या लोकलमधूनच घरी फोन केला इतका आनंद. दुसऱ्या आठवड्यात ई. कोलायवर, म्हणजे आतड्यातल्या जंतूवर, लावलं, 64 लाही सगळी ओळ गढूळ. मग टॉल-सी नसलेला, म्हणजे औषध बाहेर फेकणारा पंप बिघडवलेला ई. कोलाय घेतला, तर तेच कंपाऊंड 1 ला चाललं! म्हणजे मारायची ताकद होती, ते आत टिकतच नव्हतं. ई. कोलाय, क्लेबसिएला यांसारख्या जंतूंना बाहेरून एक जादा पडदा असतो आणि त्यात हे पंप, आमची वर्षं तिथेच जातात, म्हणून "केमिस्ट्रीवाले उगाच वेळ काढतात" ही कमेंट मला खरंच लागली.

अजून एकदा. टेक्सोबॅक्टिन नावाचं अँटिबायोटिक, 2015 साली पेपर आला, मातीतल्या जंतूपासून मिळालेलं, जगभर बातम्या. काम सुंदरच आहे, मला मनापासून आवडतं, पण ते चालतं स्टॅफसारख्यांवर, तो जादा पडदा असलेल्यांवर नाही, आणि उंदरांवर चाललं तरी एवढ्या वर्षांत मेडिकलच्या दुकानात आलेलं नाही.

तर तुम्ही पाठवलेल्या पेपरचं एमआयसीचं टेबल उघडा, क्लेबसिएलाच्या रकान्यात काय आकडा आहे आणि माणसाच्या पेशींचा रकाना आहे का, एवढं खाली लिहा, पुढच्या रविवारी तेच टेबल स्क्रीनवर घेऊन बसते.