शेजाऱ्याचा पिवळा ठोकळा आणि तुमच्या प्लॉटचा भाव : सेकंड लाइफमधली जमीन

नमस्कार मंडळी, आज आधी स्क्रीनवर बघा, मग बोलूया. ही माझी जागा. सेकंड लाइफ म्हणजे इंटरनेटवरचं एक आभासी जग, लोक तिथे जागा घेतात, घरं बांधतात. त्यात हेटेरोसेरा नावाचा खंड आहे, तिथे १०२४ चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण दहा गुंठे. छोटं कौलारू घर, पुढे अंगण, मग उतार आणि उताराखाली पाणी. आता मी संध्याकाळ करते. सूर्य खाली गेला, झाडं काळी पडली, कौलं काळी पडली, पाण्यावर थोडा तांबूस रंग राहिला. आणि आता डावीकडे बघा. तो पिवळा ठोकळा, चाळीसेक मीटर उंच, गोल गोल फिरतोय, आणि तो काळा पडलेला नाही. रात्र केली तरी पडत नाही. कारण त्याला फुल ब्राइट लावलंय, म्हणजे आजूबाजूला उजेड असो नसो, ती वस्तू भर दुपारी दिसावी तशीच दिसणार.

मागे मी ही जागा विकायला काढली होती. एक बाई बघायला आल्या, घर आवडलं, पाणी आवडलं, अंगणात उभं राहून कॅमेरा हळूहळू डावीकडे फिरवला आणि विचारलं की तो ठोकळा तुझा का. मी म्हटलं नाही, शेजाऱ्यांचा. त्या बऱ्या वाटल्या, नीट निरोप घेऊन गेल्या, पण परत आल्या नाहीत. नंतर आणखी दोघं आले, तेही तसेच गेले. भाव मी दोनदा खाली आणला. माझ्या जागेतलं एक पानही हललेलं नव्हतं बरं का, भाव पडला तो शेजारच्या जागेमुळे.

आता हे नेमकं का होतं ते सांगते, कारण आभासी जमिनीला भाव कशाचा असतो हेच लोकांना नीट कळलेलं नाही असं मला मनापासून वाटतं.

सेकंड लाइफ चालवते अमेरिकेतली लिंडन लॅब, २००३ पासून. तिथली जमीन चौकोनी तुकड्यांत असते, एकेका तुकड्याला रीजन म्हणतात, २५६ बाय २५६ मीटर, म्हणजे सोळा एकरांच्या आसपास. कंपनीच्या स्वतःच्या खंडांना मेनलँड म्हणतात, तिथे एकाच रीजनमध्ये दहा-वीस मालक शेजारी शेजारी असू शकतात. आणि मेनलँडवर कुणी जागा सोडून दिली की ती कंपनीकडे परत जाते, आणि अशी सोडलेली जागा तुमच्या जागेला लागून असेल तर सपोर्टला तिकीट टाकून, म्हणजे लेखी विनंती करून, १ लिंडन डॉलर (तिथलं चलन) चौरस मीटर भावाने मागता येते. एका अमेरिकन डॉलरला साधारण २५० लिंडन डॉलर मिळतात, म्हणजे माझ्याएवढी दहा गुंठे जागा चार डॉलरमध्ये. महिन्याची फी, ज्याला टियर म्हणतात, ती वेगळी, पण जमिनीची स्वतःची किंमत एवढीच.

मग त्याच मेनलँडवर एखादी जागा याच्या कितीतरी पट भावाला का जाते? खऱ्या जगात प्लॉट घेताना आपण स्टेशन किती लांब, पाणी येतं का, शाळा कुठे, हे सगळं बघतो. इथे त्यातलं काहीच नाही, इथे टेलिपोर्ट करून कुठूनही कुठेही एका क्षणात जाता येतं. (सुरुवातीला तसं नव्हतं, ठराविक टेलिहबवरच उतरावं लागायचं आणि त्या टेलिहबच्या आजूबाजूच्या जागांना दुकानांसाठी प्रचंड मागणी असायची, पण २००५ च्या शेवटी थेट टेलिपोर्ट आलं आणि ते महत्त्व गेलं.) तेव्हापासून मेनलँडवर भाव आहे तो बहुतेक डोळ्यांना काय दिसतं त्याला. पाण्याला लागून आहे का, रस्त्याला लागून आहे का, म्हणजे कंपनीचीच संरक्षित जागा समोर आहे का, जिथे उद्या कुणी काही उभं करू शकणार नाही. चार डॉलरच्या वरचे जे पैसे तुम्ही देता ना, ते तुमच्या कुंपणाच्या बाहेरच्या गोष्टींचे देता, आणि कुंपणाच्या बाहेरच्या गोष्टींवर तुमचा शून्य ताबा असतो. घाणेरडं बांधकाम एवढं जोरात लागतं ते यामुळे.

आणि हे काही लोकांनी फार लवकर ओळखलं आणि त्याचा धंदा केला. मेनलँडवर सगळ्यात लहान प्लॉट असतो १६ चौरस मीटरचा, चार बाय चार, आपल्याकडची एक मोठी खोली. लोक मोठी जागा घ्यायचे, त्यातून असे चार बाय चारचे तुकडे कापायचे, उरलेली जागा विकायचे आणि त्या तुकड्यांवर फिरणाऱ्या, चमकणाऱ्या जाहिरातींच्या पाट्या लावायचे. याला तिथे अ‍ॅड फार्म म्हणायचे. आता जाहिरात वाचून कुणी काही विकत घेत असेल का हा भाग सोडा, तो तुकडाच विकायला काढलेला असायचा, हजारो लिंडन डॉलरला. म्हणजे तुमच्या खिडकीसमोर पाटी उभी करायची आणि पाटी नको असेल तर माझा तुकडा माझ्या भावात घे म्हणायचं. २००६ च्या आसपास तर एकाने ठिकठिकाणच्या अशा तुकड्यांवर बुशवर महाभियोग चालवा म्हणून पाट्या लावल्या होत्या. ज्याला बुश आवडत नव्हता त्यालाही ती पाटी आपल्या बागेसमोर नको होती.

मला यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट हिशोबाची वाटते. १६ चौरस मीटरवर टियर जवळपास काहीच बसत नाही, त्यामुळे पाटीवाला वर्षभर आरामात थांबू शकतो, त्याला घाई नाही. आजूबाजूचे चार-पाच जण मात्र पूर्ण टियर भरत बसलेले. त्यातला एक कंटाळून जागा विकतो, तीही पडेल भावात, आणि घेणारा बऱ्याचदा पाटीवालाच. मग दुसरा जागा सोडून देतो, तिथे नुसतं पिवळट गवत. ओसाड गवत बघून तिसऱ्यालाही वाटतं इथे आता काही राहिलं नाही.

शेवटी फेब्रुवारी २००८ मध्ये लिंडन लॅबने जाहीर केलं की शेजाऱ्याला त्रास देऊन अवाच्या सवा भावात जागा घ्यायला लावणं हा छळ धरला जाईल आणि त्याची तक्रार करता येईल. जाहिरातींच्या पाट्यांवर पुढे आणखी नियम आले आणि खूप फरक पडला. पण नियम आला तो खंडणीवर, कुरूपतेवर नाही, आणि मला वाटतं तेही बरोबरच आहे, कारण कुरूप काय हे कोण ठरवणार? एखाद्याला माझी कौलं कुरूप वाटत असतील.

ज्यांना नियम हवे होते ते खाजगी एस्टेटवर गेले. ॲन्शी चुंग या नावाने वावरणाऱ्या आयलिन ग्रेफ यांनी अख्खे रीजन घेऊन त्याचे प्लॉट पाडले, कुठे कसलं बांधकाम चालेल याचे नियम लावले आणि ते प्लॉट लोकांना दिले. मे २००६ मध्ये त्या बिझनेसवीकच्या मुखपृष्ठावर झळकल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांची तिथली मालमत्ता दहा लाख डॉलरच्या वर गेल्याचं जाहीर झालं. नीट बघा, त्या मोठ्या प्रमाणावर शेजार विकत होत्या. पुढे २०१९ मध्ये कंपनीने बेलिसेरिया हा घरांचा खंड काढला तोही याच पद्धतीने, हवेत स्कायबॉक्स, म्हणजे अधांतरी घर, टांगायचा तर २००० मीटरच्या वर, म्हणजे खालून कुणाला दिसायला नको. त्या घरांवर लोक अक्षरशः तुटून पडले. फक्त खाजगी एस्टेट घेताना एक लक्षात ठेवा, एस्टेटच्या मालकाने फी भरणं थांबवलं तर अख्खा रीजन नकाशावरून जातो, तुमच्या घरासकट.

शेजाराचा भाव उलट्या दिशेनेही चालतो हं. डिसेंबर २०२१ मध्ये सँडबॉक्स नावाच्या दुसऱ्या आभासी जगात कुणीतरी सुमारे साडेचार लाख डॉलर देऊन प्लॉट घेतला, का, तर शेजारी अमेरिकन रॅपर स्नूप डॉगची जागा होती. त्यानंतरच्या वर्षात असल्या जमिनींचे भाव कसे कोसळले ते आपण बघितलंच.

कमेंटमध्ये बरेच जण म्हणतात की फायरस्टॉर्ममध्ये, म्हणजे सेकंड लाइफ बघायच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, डीरेंडर करून टाक, वस्तू गायब. हो, होते गायब, मी केलंय, हे बघा, राइट क्लिक, डीरेंडर, गेला ठोकळा. पण तो माझ्या स्क्रीनवरून गेला. घर बघायला येणाऱ्याच्या स्क्रीनवर तो तसाच फिरतोय, त्यामुळे मला मनःशांती मिळाली तरी भाव एका लिंडनने वाढला नाही. उंच भिंत बांधली तर पाणीही झाकलं जातं. काही जण घर उचलून आकाशात नेतात, पण मग खालची जमीन ओसाड, आणि आता शेजाऱ्यासाठी तुम्हीच पिवळा ठोकळा झालात.

आम्ही काय केलं ते सांगते. आजूबाजूच्या चौघांनी मिळून ग्रुप काढला, ग्रुपच्या नावावर जमीन ठेवली की त्याच टियरमध्ये १० टक्के जागा जास्तीची ठेवता येते, त्यात आम्ही मधली सोडलेली पट्टी तिकीट टाकून घेतली आणि तिथे सुरूची रांग लावली, अगदी बारीक हिशोब करत, कारण प्रत्येक झाड तुमच्या वस्तूंच्या मर्यादेत मोजलं जातं. माझ्या अंगणातून ठोकळ्याचा खालचा अर्धा भाग झाकला गेला.

आणि मग, खरं तर हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, ठोकळ्याच्या मालकाला मेसेज टाकला. नवीन मुलगा निघाला. स्क्रिप्ट शिकत होता, ठोकळा फिरतो का बघायला उभा केला होता, स्वतः राहायचा वर आकाशात, खाली कुणी राहतंय हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. मी त्याला माझ्या अंगणात बोलावलं आणि संध्याकाळ करायला सांगितली. तो बराच वेळ काही टाइप करेना. मग म्हणाला ठोकळा काढवत नाही, पहिलाच आहे, पण फुल ब्राइट काढतो.

हे आजचं रेकॉर्डिंग, मघाचं जुनं होतं. संध्याकाळ करते बघा. कौलं काळी पडली, सुरू काळे पडले, आणि त्यांच्या वर तो ठोकळा, तोही पडला काळा.